पाळीव प्राणी आणि पशुवैद्य : मालकांचे नेहमीचे प्रश्न

भारतातील आधुनिक पशुवैद्यकाची वाढ मुख्यतः घोडे आणि गुरे यांच्या निमित्ताने झाली. १८८६ मध्ये मुंबईतील परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८८९ मध्ये पुण्यात एक जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच विकसित झाली. बुळकांडीसारख्या गुरांच्या साथी हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. पशुवैद्याचे ठिकाण लोकांच्या बोलण्यात ‘गुरांचा दवाखाना’ म्हणूनच राहिले. जनावराने चारा सोडला किंवा ते उठेनासे झाले, म्हणजे त्याला तेथे न्यावयाचे, अशी रीत पडली.

कुत्रा किंवा मांजर पाळणारे पुष्कळ लोक आजही याच रीतीने वागतात. परंतु या प्राण्यांच्या सर्वांत घातक रोगांवरील खात्रीचा उपाय रोग होण्यापूर्वीच करता येतो. त्यांपैकी एक रोग तर असा आहे की, त्यात प्राण्याबरोबर घरातील माणसाचाही जीव जाऊ शकतो. म्हणून मालकांच्या मनात नेहमी येणाऱ्या प्रश्नांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

निरोगी प्राण्याला पशुवैद्याकडे कशासाठी न्यावे?

प्राण्याची निरोगी स्थिती ठाऊक असल्यावाचून त्याचा आजार ओळखता येत नाही. कुत्र्याच्या शरीराचे तापमान स्वभावतःच सुमारे ३८° ते ३९.२° से. असते, म्हणजे माणसापेक्षा अधिक. त्यामुळे अंगाला हात लावून ताप ठरविणारा मालक हमखास फसतो. नाक कोरडे पडले म्हणजे ताप आला, ही समजूतही भरवशाची नाही. स्वस्थ झोपलेला कुत्रा मिनिटाला साधारणतः तीसपेक्षा कमी वेळा श्वास घेतो. हा आकडा दिवसेंदिवस वाढत गेला, तर हृदय किंवा फुप्फुसे तपासून घ्यावीत.

वजनाचेही असेच आहे. चार किलो वजनाचे मांजर चारशे ग्रॅमने उतरले, तर ते डोळ्यांना जाणवत नाही. पण साठ किलोच्या माणसाचे वजन सहा किलोंनी उतरावे, तशी ही घट आहे. मांजर आपले दुखणे लपविते. अशा वेळी गेल्या वर्षीच्या वजनाची नोंद हाच पशुवैद्याचा मोठा आधार ठरतो. यासाठी वर्षातून एकदा, आणि प्राण्याने सात-आठ वर्षे ओलांडल्यावर दर सहा महिन्यांनी, तपासणी करून घेणे इष्ट असते.

काही लक्षणे मात्र दुसऱ्या दिवसावर ढकलू नयेत. बोका वारंवार लघवीला बसून कुंथत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर पुष्कळांना ते बद्धकोष्ठ वाटते. वस्तुतः मूत्रमार्ग तुंबलेला असण्याचा संभव असतो आणि एक-दोन दिवसांत प्राणी दगावू शकतो. माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी कुत्री फार पाणी पिऊ लागली, मलूल झाली, तर तिच्या गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया वेळीच झालेल्या मादीत हा धोका जवळजवळ उरत नाही.

एकदा लस टोचली असता ती पुन्हा का टोचावी?

पिलाला आईच्या चिकातून प्रतिपिंडे मिळतात आणि जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत तीच त्याचे रक्षण करतात. मात्र ही प्रतिपिंडे रोगाच्या विषाणूप्रमाणेच लशीचाही प्रभाव नष्ट करतात. ती कोणत्या पिलाच्या शरीरातून केव्हा ओसरतील, हे बाहेरून कळत नाही. एकाच वेतातील एका पिलात ती आठव्या आठवड्यात संपतील, तर दुसऱ्यात बाराव्या आठवड्यापर्यंत टिकतील. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस टोचली जाते. त्यांतील एखादी मात्रा योग्य वेळी पडावी, हा हेतू असतो. मधली एखादी मात्रा ‘पिलू तर ठणठणीत आहे’ म्हणून गाळली, तर नेमकी तीच कामाची असू शकते.

या लशींत डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांवरील लशी प्रमुख आहेत. डिस्टेंपर हा विषाणूमुळे होतो, हे हेन्री कारे यांनी १९०५ मध्ये दाखविले. कुत्र्यांतील पार्व्हो रोग १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेला आणि अल्पावधीतच जगभर पसरला. त्याचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतो. म्हणूनच लशींचा क्रम पुरा होईपर्यंत पिलाला रस्त्यावर किंवा बागेत मोकळे सोडू नये.

कुत्रा चावल्यास काय करावे?

वर उल्लेखिलेला, माणसाचाही जीव घेणारा रोग म्हणजे रेबीज. भारतात माणसाला तो बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यातून होतो. लक्षणे दिसू लागल्यानंतर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. मात्र विषाणू जखमेपासून मज्जातंतूंच्या मार्गाने मेंदूकडे सावकाश सरकतो. या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात आणि हीच उपचाराची संधी असते. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली झोझेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचण्यात आली, ती याच अवधीत. आणि तो वाचला.

भारतात पूर्वी वापरली जाणारी लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे तयार केली होती. मेंढीच्या मेंदूपासून बनविलेल्या या लशीची इंजेक्शने पोटात घ्यावी लागत. ‘पोटातील चौदा इंजेक्शने’ ही धास्ती तेव्हापासूनची आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही लस भारतातून हद्दपार झाली. आजची लस दंडात, चार-पाच वेळा घ्यावयाची असते. त्या जुन्या भीतीपोटी उपचार टाळण्याचे काहीच कारण उरलेले नाही.

चावा किंवा ओरखडा लागताच जखम साबण आणि वाहते पाणी यांनी पंधरा मिनिटे धुवावी. तिला हळद, मिरची, चुना असले काही लावू नये. त्यानंतर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. रक्त आलेल्या जखमेत लशीबरोबर प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. चावणारे कुत्रे किंवा मांजर माहितीतले असेल, तर त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवावे. परंतु त्या निकालाची वाट पाहत लस लांबवू नये.

पिसाळलेला कुत्रा अंगावर धावूनच येतो, हा समज घातक आहे. रोगाच्या दुसऱ्या प्रकारात कुत्रा निमूटपणे कोपऱ्यात बसतो, त्याचा जबडा लोंबतो आणि तोंडातून लाळ गळते. घशात हाड अडकले असावे, असे वाटून मालक त्याच्या तोंडात हात घालतो आणि विषाणूच्या थेट संपर्कात येतो. असा कुत्रा दिसल्यास त्याला न हाताळता पशुवैद्याला बोलवावे. पाळीव कुत्र्याला व मांजराला तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस, वर्षाने दुसरी मात्रा आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरावीक मुदतीने लस दिली, तर हा प्रसंग सहसा येत नाही. घराबाहेर न पडणाऱ्या मांजरालाही ती द्यावी. कारण दार एखाद्या दिवशी उघडे राहतेच.

जंत आणि गोचिडी यांचा बंदोबस्त कसा करावा?

कुत्र्याच्या पिलांना गोल जंत आईच्या पोटात असतानाच होतात; मांजराच्या पिलांना ते दुधातून होतात. म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून जंतांचे औषध सुरू करतात आणि मोठ्या प्राण्यांना ते साधारणतः तीन महिन्यांनी देतात. ही अंडी अंगणातील मातीत मिसळतात, आणि मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात गेल्यास त्यांच्या डोळ्यांनाही इजा पोहोचू शकते.

गोचिडी केवळ रक्त पीत नाहीत, तर रक्तातील रोगही पसरवितात. बॅबेसिया गिब्सोनी या रक्तजीवीचे वर्णन १९१० मध्ये मद्रासच्या शिकारी कुत्र्यांवरूनच प्रथम करण्यात आले. ताप, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या आणि अशक्तपणा दिसल्यास रक्ततपासणी करून घ्यावी. गोचिडीची मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. त्यामुळे कुत्र्याइतकेच त्याच्या बसण्याच्या जागेकडेही लक्ष पुरवावे लागते.

माणसाचे औषध प्राण्याला चालते काय?

पशुवैद्याला विचारल्यावाचून कोणतेही देऊ नये. तापावरची पॅरासिटॅमॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते; कारण ते औषध निर्विष करण्याची मांजराच्या यकृताची शक्ती फार कमी असते. कुत्र्याच्या गोचिडीवरील परमेथ्रिनयुक्त औषधेही मांजराला विषासमान असतात. कांदा, लसूण, चॉकलेट आणि द्राक्षे कुत्र्याला देऊ नयेत. शिजविलेल्या हाडाच्या अणकुचीदार ढलप्या होतात व आतड्याला भोके पाडू शकतात.

पशुवैद्याकडे जाताना काय न्यावे?

लसींच्या नोंदीची वही, चालू औषधांची नावे आणि स्वच्छ डबीत त्याच दिवशीच्या विष्ठेचा नमुना बरोबर असावा. कुत्रा साखळीने बांधलेला आणि मांजर झाकलेल्या टोपलीत असावे. प्राण्याची रोजची देखभाल करणारी व्यक्ती शक्यतो सोबत असावी. प्राणी बोलू शकत नसल्याने त्याने केव्हापासून अन्न सोडले, किती वेळा ओकारी झाली, पाणी किती प्यायला, या प्रश्नांची उत्तरे तिलाच द्यावयाची असतात. ती उत्तरे जितकी नेमकी असतील, तितके पशुवैद्याचे निदान लवकर आणि अचूक होते.