पांढरी भिंत की निळी? खोली रंगवायच्या आधी



दिवाळी जवळ आली की हिंजवडीच्या गटांत रंगकामासाठी कर्जाचे अर्ज येतातच. आयटी पार्क झाल्यापासून बऱ्याच जणींनी घरामागे भाड्याच्या खोल्या काढल्यात. त्यावरूनच मागच्या बैठकीत वाद झाला. एक ताई म्हणाल्या, "गडद निळा लावा, डाग दिसत नाहीत." दुसऱ्या म्हणाल्या, "पांढराच बरा, नाहीतर भाडेकरू दिवसासुद्धा लाईट लावून बसतो." आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं!

उजेडाचा हिशेब बघा. पांढऱ्या भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी साधारण 80 टक्के उजेड परत खोलीत येतो. गडद निळ्यावरून जेमतेम 10 टक्के, बाकीचा भिंत गिळते. आपल्या खोल्यांना एकच खिडकी, तिच्यासमोर शेजारची भिंत. तिथं चारही भिंती निळ्या केल्या तर पोरांनी दुपारी पुस्तक कुठं वाचायचं?

पण पहिल्या ताईंचंही खोटं नाही. पोरांचे हात लागतात, गॅसपाशी तेल उडतं, पांढरी भिंत वर्षात मळते. यावरचा तोडगा मला एका आजींनी सांगितला: पूर्वी मातीच्या घराला वर चुना आणि खाली गेरूचा पट्टा असायचा. मी शहरात वाढले, मला वाटायचं तो नुसता शोभेला!

तेच आज करा. छत आणि वरची भिंत पांढरी, खाली 3 फूट निळा पट्टा. 10 बाय 10 ची, 10 फूट उंच खोली असेल तर भिंती 400 चौरस फूट आणि पट्टा फक्त 120. गडद रंग महाग पडतो, शिवाय पुढे त्यावर पांढरा द्यायचा तर हात जास्त लागतात. आधी छोटी डबी आणून पुठ्ठ्यावर दोन्ही रंग लावा आणि तो पुठ्ठा त्याच खोलीत सकाळी आणि रात्री ट्यूबखाली बघा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. घरगुती रंगातल्या शिशावर 1 नोव्हेंबर 2017 पासून कडक मर्यादा आहे: दहा लाख भागांत 90 भाग. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, खास करून पिवळ्या-लाल दारं-खिडक्यांवर, शिसं जास्त असू शकतं. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक. जुना रंग कोरडा घासू नका, ओल्या पॉलिश पेपरनं घासा, पोरांना आणि गरोदर बाईला लांब ठेवा, फरशी ओल्या फडक्यानं पुसा.

अर्ज आणताना खोलीची लांबी, रुंदी, उंची लिहून आणा. रंग किती लिटर लागेल ते बैठकीतच काढू.