माल खोटा की मांडणी खोटी? अमेरिकेतील बंद पडलेल्या कार्टून मालिकांचा धडा

दुकानात एखादा माल उठला नाही की पहिला दोष मालाला दिला जातो. “डिझाईन चालत नाही” असे सांगून ठोक व्यापारी तागे परत पाठवितो आणि मागवाला ते काम मुकाट्याने बंद करतो. तो तागा दुकानात कोणत्या फळीवर होता, किती दिवस होता, गिऱ्हाइकापुढे उलगडला होता की नाही, हा हिशेब सहसा कोणी मागत नाही. तो न मागितल्याने काय होते याचे स्पष्ट उदाहरण अमेरिकेच्या टी.व्ही.च्या धंद्यात पाहावयास मिळते. तेथील मोठ्या चॅनेलांनी कित्येक कार्टून व वेगळ्या धाटणीच्या विनोदी मालिका ‘चालत नाहीत’ म्हणून बंद केल्या. त्यांतील काहींनी पुढे दुसऱ्या दुकानात चांगली कमाई केली.

एक खुलासा आधीच केलेला बरा. या मालिका मोठ्या माणसांसाठी आहेत आणि त्यांतील पुष्कळसा विनोद आपल्या घरात मुलाबाळांसमवेत पाहण्याजोगा नाही. त्यांची शिफारस करण्याचा हेतू नाही. येथे फक्त त्यांचा धंदा पाहावयाचा आहे.

या धंद्याची रीत

मालिका बनविणारी कंपनी म्हणजे कारखानदार आणि चॅनेल म्हणजे दुकानदार. संध्याकाळचे दोन-तीन तास ही दुकानातील दर्शनी फळी. ती लहान आणि फार महाग असते. प्रेक्षक फुकट पाहतो, पैसा जाहिरातदार देतो. किती लोकांनी पाहिले याची मोजणी नीलसन नावाची कंपनी करते. जाहिरातदारांना त्यातही १८ ते ४९ वर्षांचे गिऱ्हाईक अधिक हवे असते. आकडा कमी आला की माल फळीवरून उतरतो.

कार्टूनमध्ये आणखी एक अडचण आहे. एक भाग लिहिण्यापासून तयार होईपर्यंत कित्येक महिने जातात. लेखन अमेरिकेत होते, चित्रांचे बरेचसे काम दक्षिण कोरियातील कारागिरांकडून करून घेतात. सणासाठी माल हवा असेल तर आपल्याकडे मागावर सूत कित्येक महिने आधी चढवावे लागते, तसाच हा प्रकार आहे. एकदा काम थांबले की पुन्हा चालू करणे सोपे नसते.

फळी बदलत राहिली

‘फॅमिली गाय’ ही मालिका फॉक्स चॅनेलने ३१ जानेवारी १९९९ रोजी सुपर बोल या फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सामन्यानंतर सुरू केली. उद्घाटन झोकात झाले. पण नंतर तिचा वार आणि वेळ सारखी बदलत राहिली. २००० साली ती बंद केल्याचे जाहीर झाले, मग निर्णय फिरविला आणि पुन्हा भाग मागविले. २००१ मध्ये ती गुरुवारी रात्री आठ वाजता ठेवली. त्याच वेळी एका चॅनेलवर ‘फ्रेंड्स’ व दुसऱ्यावर ‘सर्व्हायव्हर’ हे देशभर गाजणारे कार्यक्रम लागत. शहरातील दोन सर्वांत मोठ्या दुकानांच्या मधल्या बोळात नवे दुकान थाटावे, तसे हे झाले. २००२ मध्ये मालिका बंद केली.

२००३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. कार्टून नेटवर्कच्या ‘अ‍ॅडल्ट स्विम’ या रात्रीच्या विभागाने जुने भाग ठरलेल्या वेळी दाखविण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी त्या भागांचे डी.व्ही.डी. संच बाजारात आले आणि पहिलाच संच २० लाखांहून अधिक खपला. भाग तेच होते, फक्त गिऱ्हाइकाला ते कोठे आणि केव्हा मिळतील हे ठाऊक झाले होते. १ मे २००५ रोजी फॉक्सने ती मालिका परत आणली व पुढे वीस वर्षांहून अधिक काळ चालविली.

यातील लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, मालिका बनविणारी कंपनी, ती बंद करणारे चॅनेल आणि डी.व्ही.डी. विकणारी शाखा ही तिन्ही एकाच फॉक्स घराण्यातील होती. एका वहीत जो माल बुडीत होता, तोच दुसऱ्या वहीत नफ्याचा निघाला.

‘फ्युचरामा’चे हाल वेगळ्या रीतीने झाले. २८ मार्च १९९९ रोजी सुरू झालेली ही मालिका फॉक्सने पुढे रविवारी संध्याकाळी सात वाजता ठेवली. रविवारचे फुटबॉल सामने लांबत आणि सातची वेळ खाऊन टाकत. लोक टी.व्ही. लावीत तर समोर सामनाच चालू असे. असे झाल्यावर गिऱ्हाईक किती वेळा फेरी मारणार? दाखविता न आलेले भाग साचत गेले. शेवटी फॉक्सने नवे भाग मागविणेच थांबविले आणि साठलेला माल १० ऑगस्ट २००३ पर्यंत थोडाथोडा करून संपविला. एकूण ७२ भाग होते. ‘अ‍ॅडल्ट स्विम’ने हेही भाग दाखविले. २००७ पासून थेट डी.व्ही.डी.वर चार चित्रपट निघाले. २०१० मध्ये कॉमेडी सेंट्रल चॅनेलवर नवे भाग सुरू झाले, २०१३ मध्ये तेथेही थांबले आणि २०२३ मध्ये हुलू या इंटरनेटवरील सेवेने मालिका पुन्हा चालू केली.

ताग्याचे मधले टोक

ए.बी.सी. चॅनेलने २००० साली ‘क्लार्क्स’ नावाची कार्टून मालिका घेतली. सहा भाग तयार होते. चॅनेलने सर्वांत आधी चौथा भाग दाखविला, त्यानंतर दुसरा. दुसऱ्या भागातील विनोद पहिल्या भागाच्या आठवणींवर उभा होता आणि पहिला भाग तर कोणी पाहिलाच नव्हता. दोनच भागांनंतर मालिका उतरविली. पैठणीचा पदर झाकून मधलाच तुकडा दाखवायचा आणि गिऱ्हाईक नाही म्हणाले की विणकराला नावे ठेवायची, असा हा व्यवहार झाला.

याच चॅनेलने १९८२ मध्ये ‘पोलीस स्क्वॉड’ ही विनोदी मालिका चार भागांनंतर बंद केली होती. उरलेले दोन भाग नंतर दाखविले. ही मालिका समजण्यासाठी प्रेक्षकाला लक्ष देऊन पाहावे लागते, असे कारण चॅनेलच्या प्रमुखाने दिले. त्याच निर्मात्यांनी त्याच पात्रावर १९८८ मध्ये ‘द नेकेड गन’ हा चित्रपट काढला. तो इतका चालला की १९९१ व १९९४ मध्ये पुढचे दोन निघाले. चित्रपटगृहात बसलेला माणूस लक्ष देऊनच पाहतो. बारीक कामाचा माल त्याला योग्य दुकानात मिळाला.

कारीगर विखुरले की

‘अरेस्टेड डेव्हलपमेंट’ ही मालिका फॉक्सने २००३ मध्ये सुरू केली. २००४ साली तिला उत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार मिळाला, तरी प्रेक्षक थोडेच राहिले. तिसऱ्या वर्षीची मागणी २२ भागांवरून १३ वर आणली आणि शेवटचे चार भाग १० फेब्रुवारी २००६ रोजी एकाच रात्री, हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यासमोर, उरकून टाकले. २०१३ मध्ये नेटफ्लिक्सने मालिका परत आणली. पण एव्हाना नट आपापल्या कामाला लागले होते. सर्वांना एका वेळी एकत्र आणणे जमेना. म्हणून बरेच भाग एकेका पात्राभोवती रचावे लागले. ज्याने हातमागाचे किंवा जरीचे कारखाने बंद होताना पाहिले आहेत, त्याला हे वेगळे सांगावयास नको. ऑर्डर परत येते, पण हाताला हात मिळालेला संच परत येत नाही.

दुकानदाराची बाजू

न्यायाने बोलावयाचे तर चॅनेलचीही बाजू आहे. १९८९ मध्ये ‘द सिम्पसन्स’ सुरू झाली आणि तुफान चालली. ते पाहून इतर चॅनेलांनी घाईघाईने आपापली कार्टून आणली. १९९२ मध्ये ‘कॅपिटल क्रिटर्स’ व ‘फिश पोलीस’ आणि १९९३ मध्ये ‘फॅमिली डॉग’ आली. तिन्ही लवकरच बंद झाली आणि कोणी दुसऱ्या दुकानदाराने त्यांना नवे आयुष्य दिले नाही. शेजाऱ्याची छापील साडी खपली म्हणून साऱ्या गल्लीने तशीच साडी मागवावी, तशातला हा प्रकार. म्हणजे बंद झालेली प्रत्येक गोष्ट चांगलीच होती असे नाही. महागडी फळी अडवून बसलेला माल कधीतरी उतरवावाच लागतो. फक्त उतरविण्यापूर्वी त्याची नीट पारख झाली होती का, एवढाच प्रश्न आहे.

आपण काय घ्यावे

१. नवा माल ठेवताना त्याची जागा आणि मुदत आधी ठरवा व ती मुदत पाळा. रोज जागा बदलली तर खप कमी होण्याचे कारण माल की जागा, हे कधीच कळत नाही.

२. वेगळ्या धाटणीचा माल गर्दीच्या मालासमोर उभा करू नका. त्याचे गिऱ्हाईक थोडे असते, पण ते शोधत परत येते.

३. माल ‘बुडीत’ लिहिण्यापूर्वी दुसऱ्या वहीत पाहा. ठोकीत न उठलेला तागा किरकोळीत, दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या हंगामात उठतो का, याची चौकशी करा.

४. कारीगर बंधूंनी परत आलेल्या मालाबरोबर तो कोठे, किती दिवस आणि कसा दाखविला याचीही विचारणा करावी. डिझाईनचा नमुना व त्यावरील हक्क कोणाकडे राहील हे ऑर्डर घेतानाच कागदावर लिहून घ्यावे. ज्याच्याकडे हक्क असतो, दुसऱ्या बाजारातील कमाई त्याच्याकडे जाते.

५. मंदीत काम थांबवावे लागले तरी कारागिरांचा संच शक्य तितका हाताशी ठेवा. थोडे काम, थोडी मजुरी, पण संबंध तुटू देऊ नका.

येत्या हंगामापूर्वी आपापल्या दुकानातील खालच्या फळ्या एकदा उपसाव्यात. पडून असलेल्या प्रत्येक ताग्यावर तो कधी आला आणि गिऱ्हाइकापुढे किती वेळा उलगडला, हे लिहून काढावे. जो एकदाही उलगडला नाही, त्याचा निकाल अजून लागलेला नाही.