डॉर्टरच्या आधी

वाशिम

चि. सोनूस,


तुझा मेसेज वाचला. ‘मामा, लय हळू हाय हा गेम. तीन लढाया झाल्या, अजून एकाही गड्याजवळ धड तलवार नाही. काढून टाकू का?’ फोनवर ‘थांब थोडा’ एवढं सांगून भागलं असतं. पण तू विचारलंस ते विचारण्यासारखंच आहे, म्हणून बैजवार लिहितो. अभ्यासातून सवड मिळेल तसं वाच आणि तोवर गेम फोनमध्ये राहू दे.

फायनल फँटसी टॅक्टिक्सची सुरुवात संथ आहे, यात तुझं काही चुकलेलं नाही. हा गेम १९९७ साली जपानमध्ये निघाला आणि १९९८च्या जानेवारीत इंग्रजीत आला. त्याच वर्षी जुलैत आपला वाशिम अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. तेव्हाचा खेळाडू डिस्क विकत आणायचा आणि सोबतची छापील पुस्तिका वाचून मग खेळायला बसायचा. तुझ्या फोनवर आहे ती त्याचीच ‘वॉर ऑफ द लायन्स’ ही आवृत्ती, २००७ सालची, अँड्रॉइडवर २०१५ला आलेली. पुस्तिका तुला मिळालीच नाही. मेनूच्या आत मेनू, त्यात आणखी मेनू, आणि काय आधी करायचं हे सांगणारं कोणी नाही. गेममध्ये शिकवणीचा एक विभाग आहे, पण तो रटाळ आहे. त्याच्या नादी लागू नकोस. हे पत्रच पुस्तिका समज.

तुझा हिरमोड कुठे झाला ते मला ठाऊक आहे. पहिली लढाई ऑर्बॉनच्या मठापाशी होते. सोबत ॲग्रियास, गॅफगॅरियन असे कसलेले लोक. ॲग्रियासचा एक वार पडला की शत्रू आडवा. मग राजकन्या ओव्हेलियाला पळवून नेतात, पळवणारा आपल्या नायकाचा, रॅम्झाचा, जुना मित्र डेलिटा निघतो, आणि गोष्ट एकदम वर्षभर मागे जाते. आता तुझ्या हाताखाली कोण, तर गॅरिलँडच्या लष्करी शाळेतली पोरं. काही स्क्वायर, काही केमिस्ट. मघाच्या त्या वाराऐवजी दगड फेकायचा. कोणालाही वाटेल की दिलेलं ताट ओढून घेतलं. पण दिग्दर्शक यासुमी मात्सुनोने हे जाणूनबुजून केलं आहे. १९९५च्या टॅक्टिक्स ओगरमध्येच त्याचा हात बसलेला होता. ॲग्रियासची ताकद तुला आयती मिळाली होती. या पोरांची ताकद तू घडवायची आहेस, आणि पुढचे कितीतरी तास तुला तीच पुरणार आहे.

आयत्या ताकदीचा मोह या जातीच्या सगळ्याच गेममध्ये असतो. फायर एम्ब्लम मालिकेच्या १९९०च्या पहिल्याच भागात जेगन नावाचा ज्येष्ठ घोडेस्वार सुरुवातीपासून सोबत असतो. तो सगळ्यांना लोळवतो, म्हणून नवखा माणूस त्यालाच पुढे करत राहतो. अनुभवाचे गुण त्याच्या खात्यात जातात, तो स्वतः फारसा वाढत नाही आणि बाकीची पोरं कच्ची राहतात. टॅक्टिक्समध्ये सुरुवातीला डेलिटा आणि आर्गाथ पाहुणे म्हणून लढतात, आपापल्या मनाने. त्यांच्यावर विसंबू नकोस. त्यांनी चार शत्रू मारले तरी तुझ्या पोरांच्या पदरात त्यातलं फारसं पडत नाही.

पदरात पडतं कशाने, हे नीट ऐक, कारण सगळ्या सुरुवातीची किल्ली यात आहे. या गेममध्ये शत्रूला कोणी मारलं यापेक्षा कोणी काय केलं याला जास्त महत्त्व आहे. यशस्वी झालेल्या प्रत्येक कृतीचे गुण मिळतात. एक अनुभवाचे आणि दुसरे त्या पेशाचे, ज्याला जेपी म्हणतात. नुसतं चालून जाऊन पाळी संपवली तर काहीच नाही. तू नेमकं हेच करत असणार. शत्रू लांब आहे म्हणून चार जण पुढे सरकवायचे, पाळी संपवायची, पुन्हा सरकवायचे. म्हणून लढाई लांबते आणि पोरं वाढत नाहीत. प्रत्येक पाळीत प्रत्येकाच्या हातून काहीतरी झालं पाहिजे. शत्रू टप्प्यात नसेल तर स्क्वायरने फोकस वापरून स्वतःचा जोर वाढवावा, केमिस्टने थोडं लागलेल्यालाही पोशन द्यावं. एकाने एखाद्या पेशात जेपी कमावले की लढाईतल्या बाकीच्या साथीदारांनाही त्या पेशाचे पाव हिस्सा जेपी मिळतात. एक पोरगं केमिस्टचं काम करत असताना चौघांच्या खात्यात केमिस्टचे चार पैसे जमत असतात. हे पडद्यावर ठळक कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

जमलेले जेपी खर्च कशावर करायचे? स्क्वायरच्या यादीत जेपी बूस्ट आहे. पाचही जणांना सगळ्यात आधी तेच घेऊन दे आणि ते चढवायला विसरू नकोस. नुसतं शिकून भागत नाही. तलवारीचे डावपेच मागाहून. स्क्वायर दुसऱ्या पायरीवर पोचला की नाइट आणि आर्चर उघडतात, केमिस्ट दुसऱ्या पायरीवर पोचला की व्हाइट मेज आणि ब्लॅक मेज. म्हणजे ज्याला तू नुसता दगड फेकणारा समजतोस, तो चार दारांपैकी दोन दारं उघडून देतो. सगळ्यांना नाइट करू नकोस. लोखंडी चिलखत घातलेले पाच जण रांगेत उभे केले की दिसतं छान, पण गच्चीवरच्या तिरंदाजापुढे ते पाचही सारखेच असहाय.

केमिस्टबद्दल आणखी एक. पिशवीत फिनिक्स डाउन आहे म्हणून केमिस्टला ते वापरता येतं असं नाही. प्रत्येक औषध वापरायला आधी जेपी देऊन शिकावं लागतं. आपला माणूस पडला की त्याच्या डोक्यावर तीनचा आकडा येतो आणि त्याच्या प्रत्येक पाळीला एकेक कमी होतो. शून्य झालं, की त्याचा स्फटिक होतो किंवा पेटी होते, आणि तो माणूस कायमचा गेला.  म्हणून दोन जणांना तरी फिनिक्स डाउन येऊ दे. एकच केमिस्ट ठेवलास तर शत्रू नेमका त्यालाच आधी गाठतो.

आता तू कुठे अडणार आहेस ते सांगतो. सीज वील्डचं जंगल संपलं की डॉर्टर हे व्यापारी शहर लागतं. जगभरच्या खेळाडूंनी हा गेम जिथे सोडून दिला, त्यात हे ठिकाण फार वरचं आहे. घरांच्या छपरांवर तिरंदाज बसलेले आणि त्यांच्या जोडीला ब्लॅक मेज. उंचावरून बाण लांब जातो, आणि मेजचा मंत्र एका चौकोनावर पडला तरी शेजारच्या चौकोनांतल्यांनाही भाजतो. वाटेवरच्या लढाया भराभर उरकून इथे पोचणाऱ्याची दाणादाण उडते. पहिली सर पडली की घाईने पेरणाऱ्यांचं काय होतं हे तू आजोबांकडे पाहिलं आहेस. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका असं कृषी विभाग उगाच सांगत नाही. डॉर्टरला जाण्याआधी मंडालियाच्या माळावर परत जा. तिथे जाता-येता अवचित लढाया लागतात. त्या दोन-चार लढाया सावकाश, प्रत्येक पाळीचा उपयोग करून लढ. पाचही जणांना जेपी बूस्ट, दोघांना फिनिक्स डाउन, एक ब्लॅक मेज आणि एक आर्चर एवढं झालं की नीघ.

पण तिथेच मुक्काम ठोकू नकोस. अवचित लढायांमधले शत्रू तुझ्या पातळीबरोबर वाढतात आणि दुकानातला माल मात्र गोष्ट पुढे गेल्याशिवाय वाढत नाही. महिनाभर माळावर घालवलास तर साध्या कपड्यांतल्या पोरांसमोर दांडगी जनावरं उभी राहतील. काही जण हौसेने तसं खेळतात, मला ते पटत नाही.

प्रत्यक्ष डॉर्टरमध्ये पोरांना एकमेकांना चिकटून उभं करू नकोस. पहिल्या पाळीलाच चौकात धावू नकोस. आडोशाला थांब, शत्रूला खाली उतरू दे. मेज मंत्र म्हणत असतो तेव्हा थोडा वेळ जातो. पाळ्यांची यादी उघडून पाहा, त्याचा मंत्र आधी पूर्ण होतो की तुझ्या माणसाची पाळी आधी येते ते त्यात दिसतं. ती यादी पाहायची सवय लागली की हा गेम हळू वाटेनासा होतो, कारण मग तू वाट पाहत नसतोस, हिशेब करत असतोस. कॅमेरा फिरवून घरांच्या मागे कोण आहे ते बघ. पाळी संपवताना तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं हे गेम विचारतो. तिथे नुसतं बटण दाबून मोकळा होऊ नकोस. पाठीवरचा वार चुकवणं फार अवघड असतं.

सुरुवातीला विचारलेल्या जन्मतारखेवरून रॅम्झाची रास ठरते आणि राशीराशींचं जमणं-न जमणं वारावर परिणाम करतं. पहिल्या भागात त्याचा विचारही करू नकोस.

सेव्ह मात्र दोन ठेव. एकामागोमाग लागणाऱ्या लढायांच्या मध्ये गेम सेव्ह करू देतो, पण तिथून मागे फिरता येत नाही. पुढे रिओव्हानेस नावाच्या किल्ल्यात एकाच सेव्हवर विसंबलेले कित्येक जण अडकून पडले आणि त्यांना पहिल्यापासून खेळावं लागलं. सवय आत्ताच लाव.

गोष्टीकडे वळतो. तू संवाद पुढे ढकलतोस हे ताईने सांगितलं. भाषा जुन्या वळणाची इंग्रजी आहे, मलाही जड जाते. तरी ढकलू नकोस. एक वही घे आणि घराण्यांची नावं लिही. पन्नास वर्षांचं युद्ध हरलेलं इव्हालिस राज्य, राजा मेलेला, गादीवर लहान पोर. एकीकडे लार्ग, दुसरीकडे गोल्टाना, मध्ये बेओल्व्ह घराणं. युद्ध संपल्यावर पगार न मिळालेले सैनिक लुटारू झालेले, ज्यांच्याशी तू आत्ता लढतो आहेस. लुटीवर जगणारं सैन्य म्हणजे काय, हे आपल्या वऱ्हाडाने पेंढाऱ्यांच्या काळात सोसलं आहे. त्यांचा बंदोबस्त व्हायला १८१७-१८ साल उजाडावं लागलं. मेनूत क्रॉनिकल म्हणून विभाग आहे, त्यात माणसांची माहिती मिळते. लढाईआधी एकदा उघडत जा.

गेमची सुरुवात एक इतिहासकार करतो, आठवतं? तो म्हणतो, जगाला ठाऊक असलेला नायक डेलिटा आहे, पण दडवलेल्या कागदांतून दुसरीच गोष्ट दिसते. तू हे वाचून पुढे गेलास. पद्मतीर्थाकडे जाताना मी तुला वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम हे सांगितलं होतं. वाकाटकांची एक वेगळी शाखा इथून राज्य करत होती. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेणीत याच शाखेतल्या हरिषेणाच्या वराहदेव या मंत्र्याचा लेख आहे, तरी ही शाखा वेगळी आहे हे अभ्यासकांना कळत नव्हतं. १९३९ साली दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिमला उजेडात आला तेव्हा कळलं. त्याच्या राज्याच्या ३७व्या वर्षी दिलेलं ते दानपत्र, वंशावळ संस्कृतात आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात. एका ताम्रपटाने एका राजघराण्याचा इतिहास बदलला. इव्हालिसचा तो इतिहासकार तसाच कागद घेऊन तुझ्यासमोर बसला आहे. त्याला नीट ऐक.

आणि मंडालियाच्या माळावरचा तो प्रसंग सोडू नकोस. रॅम्झा आणि डेलिटा गवताचं पातं तोंडात धरून पिपाणी वाजवतात. रॅम्झा उमरावाचा मुलगा, डेलिटा त्याच घरात वाढलेला गरिबाचा पोर. डेलिटाच्या बहिणीचं, टिएट्राचं नाव तिथे निघतं. लढाई नाही, जेपी नाही, दोन पोरं नुसती उभी आहेत. पहिला भाग संपेल तेव्हा हा प्रसंग तुला का बघायला सांगितला ते तुझं तुलाच कळेल. तो ढकललेल्याला पुढचा डेलिटा कळत नाही.

२०२५च्या सप्टेंबरात या गेमची नवी आवृत्ती आली. तिच्यात आवाज आहेत, सोपी पातळी निवडता येते, लढाई भरभर पुढे नेता येते. तुझा मित्र ती खेळत असेल तर खुशाल खेळू दे. तुझ्या फोनवरची तुला पुरे आहे. ती इंटरनेटशिवाय चालते, आणि लाइट गेली की मध्येच ठेवून देता येते.

गॅरिलँडपासून नव्याने सुरू करायची गरज नाही. आहे तिथूनच मंडालियाला परत जा. डॉर्टरच्या वेशीवर पोचलास की पाचही जणांच्या पडद्याचे फोटो पाठव. कोणाला काय शिकवायचं राहिलं ते रविवारी संध्याकाळी बोलू, मी घरीच आहे. ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा
मामा