बाग बघायची तर उन्हाळ्यात



दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आपण आंबा घाट उतरून कोकणात बागा बघायला गेलो होतो. त्या सहलीचे फोटो अजून ग्रुपवर फिरतात. धबधब्याखालचा फोटो, नारळाखालचा फोटो, सगळ्यांनी हातात एकेक कलम धरलेला फोटो. ती कलमं एकूण 40 होती. पुढच्या मे महिन्यात मी घरोघरी जाऊन मोजली, तेव्हा 9 जिवंत होती. 31 वाळली. पैसे गटाच्या बचतीतले होते आणि सहल मी आखली होती. म्हणून हा लेख लिहिणं माझ्याकडेच येतं.

सुरुवातीला मला वाटलं, रोपवाटिकेनं फसवलं. थोडं खरंही होतं, त्याचं पुढे सांगते. पण बैठकीत वारूळच्या बाजूच्या एक काकी बोलल्या ते जास्त खरं होतं. "मॅडम, ते लोक उन्हाळ्यात पाणी कुठनं आणत्यात, ते इचारायचं ऱ्हायलंच की." ऑगस्टमध्ये सगळीकडे हिरवं होतं, पाट वाहत होते, आपल्या पायात चिखल होता. पाण्याचा प्रश्न कुणाच्या डोक्यात येणार? माझ्याही आला नाही, आणि मी तर त्याचंच शिक्षण घेऊन आले म्हणायचे.

कोकण म्हणजे पाणीच पाणी, असं आपल्याला वाटतं. पाऊस तिथे खरंच धो धो पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरचे थोडे शिंतोडे धरले तरी नंतर सहा-सात महिने कोरडे. त्यात जमीन जांभ्याची. जांभा दगड म्हणजे चाळणीच. वरून पडलेलं पाणी खाली निघून जातं. मार्च-एप्रिलमध्ये किनाऱ्यावर ऊन, घाम, खारा वारा आणि तळाला गेलेल्या विहिरी. आता आपल्या आंबा, विशाळगड बाजूचं काय वेगळं आहे? पावसाळ्यात घराबाहेर पडता येत नाही आणि मार्चमध्ये हंडा घेऊन चालावं लागतं. म्हणजे कोकणातल्या बायकांनी ज्या अडचणीवर बाग उभी केली, तीच आपली अडचण आहे. शिकायचं ते हेच होतं आणि ते दिसतं फक्त उन्हाळ्यात.

म्हणून या मार्चमध्ये पुन्हा गेलो. मोठी बस नाही, दोन जीप. प्रत्येक ग्रामसंघातून दोघी, त्यातली एक कृषी सखी. मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा करत रत्नागिरी. शहराच्या दक्षिणेला खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये लागतं. तिथे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे, 1955 सालचं. आता ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाखाली येतं. हे विद्यापीठ 1972 साली सुरू झालं.

भाट्यातली बघण्यासारखी गोष्ट म्हणजे लाखी बाग. लाखाचं उत्पन्न देणारी म्हणून लाखी. नारळ साडेसात मीटरवर लावतात, म्हणजे मध्ये भरपूर जागा मोकळी राहते. त्या जागेत जायफळ आणि दालचिनी, आणि नारळाच्या खोडावर चढवलेला मिरीचा वेल. वरून नारळाची झिरपती सावली, मध्ये मसाल्याची झाडं, खाली पालापाचोळा. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत पाय टाकला की गार. आमच्यातल्या एकीनं पाचोळा बाजूला करून माती हातात घेतली. ती ओली होती. मार्च महिना होता, लक्षात घ्या.

आता ही बाग जशीच्या तशी वर आणता येईल का? नाही. आपल्याकडे नारळाची रांग नाही, समुद्राची हवा नाही आणि हिवाळ्यात थंडी जास्त. पण मिरीच्या वेलाला नारळच हवा असं काही नाही. खडबडीत सालीचं कुठलंही झाड चालतं, आंबा, फणस, पांगारा. आपल्या परड्यात फणस आहेच. त्याच्या बुंध्याशी, सावलीच्या अंगाला दोन वेल लावायचे, एवढंच. काजूचं तर आपल्याच जिल्ह्यात आजरा आणि चंदगडनं करून दाखवलंय, त्यासाठी लांब बघायला नको.

हापूसबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते. सगळ्यांना हापूसच हवा असतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे, रायगड या पाच जिल्ह्यांच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे त्या नावानं विकायचा हक्क तिथल्या आंब्याला. घरी खायला एक झाड जरूर लावा, पण विकायच्या हिशोबानं हापूसमागे लागण्यापेक्षा कोकम बघा.

आणि कोकमाचीच गोष्ट सगळ्यात जास्त ऐकण्यासारखी आहे. आपल्या एका ताईंच्या परड्यात कोकमाचं झाड आहे. बी टाकून आलेलं, नऊ वर्षांचं, उंच, गर्द. दर वर्षी फुलतं. फळ एक नाही. सासूबाईंनी देवाला नारळ ठेवला, कुणी सांगितलं खिळा मारा, तोही मारून झाला. भाट्याहून येताना एका आगरात थांबलो (नारळ-पोफळीच्या बागेला तिकडे आगर म्हणतात). तिथल्या वहिनींना या ताईंनी विचारलं. वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, नर असेल तो."

पपईत नर-मादी असते हे आपल्याला माहीत आहे. कोकमातही तसंच असतं, जायफळातही. बियांपासून केलेल्या कोकमात साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. रोप लहान असताना बघून ओळखता येत नाही. खिळ्यानं काही होत नाही. म्हणून कोकमाचं रोप घ्यायचं नाही, कलम घ्यायचं. फळ देणाऱ्या मादी झाडाची काडी बांधलेली असली की ते मादीच होणार आणि फळही लवकर, चार-पाच वर्षांत. विद्यापीठानं कोकण अमृता आणि कोकण हातिस अशा दोन जाती दिल्या आहेत. हातिसचं फळ मोठं. अमृता लवकर तयार होते, आणि पावसाच्या आत फळ सुकवून आमसूल करायचं तर आपल्याकडे हे महत्त्वाचं. आंब्यात जूनमध्ये काय वाळणार?

अजून एक बारीक गोष्ट त्या वहिनींनी दाखवली. कोकमाच्या सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची काडी बांधली तर झाड उभं वाढतं. आडव्या फांदीची काडी बांधली तर ते झुडपासारखं पसरत राहतं. विकत घेताना कलमाचा शेंडा वर जातोय की बाजूला, हे बघायचं.

आता पहिल्या सहलीच्या कलमांकडे येते. ती आपण रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेतून घेतली होती. पावती नाही, जातीचं नाव नाही. वाळलेली रोपं उपटली तेव्हा कितीतरी पिशव्यांत कलमाचा जोडच नव्हता, ती साधी बियांची रोपं होती. जोड कसा ओळखायचा? मातीच्या वर वीतभर अंतरावर खोडाला तिरकी खूण किंवा फुगवटा दिसतो, नवीन असेल तर पट्टी गुंडाळलेली असते. जोड हलक्या हातानं वाकवून बघा, हलायला नको. पट्टी लावल्यावर सोडायची, नाहीतर खोडाला गळफास बसतो. लावताना जोड मातीच्या वर ठेवायचा आणि जोडाखालून जो फुटवा येईल तो खुडत राहायचं. तो फुटवा गावठी झाडाचा असतो आणि जोमानं वाढून कलमाला मारतो. आपल्या उरलेल्या 9 पैकी तिघांचं असंच झालंय. झाड जिवंत आहे, कलम मेलंय.

यावेळी शासनमान्य रोपवाटिकेतून घेतली आणि पावतीवर जात लिहून घेतली. फळबाग लागवडीच्या सरकारी योजनेत बसायचं असेल तरी पावती लागतेच. त्याआधी कृषी सहायकांशी बोला, कारण लागवडीनंतर अर्ज केला तर उशीर झालेला असतो. आणि अर्जाला सातबारा लागतो. तिथे आपल्यातल्या बहुतेक जणी थांबतात, कारण नाव मालकांचं नाहीतर सासऱ्यांचं. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. कोकमाचं झाड आपल्यामागेही उभं राहणार आहे, तेव्हा हा विषय घरात काढायला हरकत नाही. भांडण होईल म्हणता? होईल थोडं.

पाण्याचं त्या आगरात जे बघितलं ते असं. न्हाणीचं आणि भांड्याचं पाणी पन्हळीनं थेट माडाच्या आळ्यात. नारळाची सोडणं फेकत नाहीत, खोलगट बाजू वर करून आळ्यात पुरतात. ती पाणी धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. लहान कलमाशेजारी कच्च्या मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं, तोंडावर झाकण. तीन-चार दिवसांनी भरायचं, पाणी पाझरत राहतं. एका हंड्यात दोन झाडं होतात. आपल्याकडे सोडणं कमी, आणि भाताचा पेंढा जनावराला लागतो. पण उसाचा पाला आहे, रानातला पाचोळा आहे. वीतभर जाड थर द्यायचा, फक्त खोडाला चिकटवायचा नाही, वाळवी चढते. आणि बांधाच्या बाजूनं दोन-तीन हात जागा साफ ठेवायची, कारण फेब्रुवारीपासून डोंगराला वणवे लागतात आणि वाळका पाला एका ठिणगीत जातो. गव्याचं उत्तर कोकणात मिळालं नाही. त्यावर आपल्यालाच काहीतरी करावं लागेल.

परत येताना जीपमध्ये वाद झाला तो पैशावरून. त्या वहिनींनी दोन तास उन्हात फिरवून सगळं दाखवलं, वर कोकम सरबत दिलं. आपण काय दिलं? मी शाल-नारळ नेला होता, नारळाच्या बागेत नारळ! मला स्वतःलाच हसू आलं. इंग्लंडमध्ये 1927 सालापासून लोक ठरलेल्या दिवशी आपली घरची बाग गावाला बघायला उघडतात, पहिल्या वर्षी तिकीट होतं एक शिलिंग आणि ते पैसे आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या नर्सबाईंच्या कामाला गेले. पुण्यात एम्प्रेस गार्डनला जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं, तिथेही लोक तिकीट काढून जातात. मग ज्या बाईनं वीस वर्षं माती वाहून बाग केली, तिचे दोन तास फुकट का? प्रभागसंघाच्या बैठकीत आता ठरलंय की सहलीच्या अंदाजपत्रकात यजमान ताईंचं मानधन वेगळं धरायचं. आपल्याच तालुक्यात परसबाग फेरी काढली तरी हाच नियम.

जूनमध्ये आपण 26 कलमं लावली, बहुतेक कोकम, थोडे काजू. आज सगळी हिरवी आहेत, पण ऑगस्टमध्ये मागची 40 पण हिरवीच होती. पहिला उन्हाळा अजून यायचा आहे. मडकी पुरायचं काम डिसेंबर संपायच्या आत करायचं, जमीन कडक झाल्यावर खड्डा निघत नाही. कुंभाराकडे एकत्र मागणी नोंदवू, प्रत्येकीनं किती मडकी लागणार ते पुढच्या बैठकीत सांगायचं.

आणि ज्यांच्या परड्यात न फळणारं जुनं कोकम आहे त्यांनी आता फुलं येतील तेव्हा एक फूल तोडून बघा. मधोमध छोटा गोल गोळा दिसला तर मादी. नुसता केसरांचा झुबका असेल तर नर. फूल कागदात गुंडाळून बैठकीला आणलंत तर सगळ्यांनाच बघता येईल.