सेटवरच्या पोरांनी युनियन कशी उभारावी

मालिकेच्या सेटवर सर्वांत आधी येतात आणि सर्वांत शेवटी निघतात ते नवखे असिस्टंट, स्पॉट दादा आणि प्रॉडक्शनची पोरं. 12 तासांची शिफ्ट 14 वर जाते, पैसे 90 दिवसांनी मिळतात, तेही फोन करकरून. हे एकट्याने भांडून सुटत नाही.

सुरुवात वहीपासून करा. रोज लिहा: कॉल टाइम, पॅकअप, ठरलेले पैसे, हातात आलेले पैसे. कॉल शीटचा फोटो, प्रॉडक्शन मॅनेजरचे मेसेज, व्हाउचरची प्रत जपून ठेवा. नव्या पोरांना बहुतेक वेळा तोंडी बोलीवर घेतात. उद्या ‘हा आमच्याकडे नव्हताच’ असं कुणी म्हणालं, तर पुरावा एवढाच. कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका; रक्कम आणि तारीख भरलेली दिसल्यावरच पेन उचला.

मग माणसं जोडा. युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अक्षरही नको, तिथे मॅनेजर असतात. फिल्मसिटीबाहेरच्या टपरीवर, गोरेगावहून परतताना लोकलमध्ये एकेकाला गाठा. भाषण नको, ‘मागच्या महिन्याचे आले का?’ एवढं विचारा आणि ऐकून घ्या. मेकअप, लाइट, आर्ट, डायरेक्शन, सगळ्या खात्यांतली माणसं हवीत. एकाच खात्याची असली, तर तेवढी बदलून शूटिंग चालू राहतं.

फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइजशी जोडलेल्या, कामानुसार वेगवेगळ्या संघटना आहेत. तुमच्या कामाची असेल तर नवा फलक लावू नका. तिथेच सगळे मिळून जा आणि प्रवेश फीचे हप्ते मागा.

नसेल, तर सभा घ्या, घटना लिहा, पदाधिकारी निवडा, ठराव इतिवृत्तात नोंदवा. नोंदणीच्या अर्जावर किमान 7 सभासदांच्या सह्या लागतात. शिवाय कामगारांपैकी 10 टक्के किंवा 100, यांतली लहान संख्या असेल तेवढे सभासद हवेत. ही अट 1926 च्या कायद्यात होती, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. अर्ज कामगार संघटनांच्या निबंधकांकडे जातो.

पहिली मागणी एकच ठेवा आणि ती सगळ्यांची असू द्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सुमारे 5,500 सह्यांचं निवेदन दिलं. त्यात आठवड्याची सुट्टी होती, आणि ती 1890 मध्ये मिळाली. तुम्ही ‘30 दिवसांत पैसे’ इथून सुरू करा. पत्र सगळ्यांच्या सह्यांनी द्या, पोच घ्या. पहिल्याच पत्रात संपाची धमकी घालू नका.

यानंतर कुणाचं तरी नाव युनिटमधून कापलं जाईल. त्यासाठी वर्गणी पहिल्या दिवसापासून, पावती देऊन गोळा करा आणि त्या माणसाचं महिन्याचं घरभाडं त्यातून भरा. हिशेब दरवर्षी सभेपुढे मांडा आणि वार्षिक विवरणपत्र निबंधकांकडे वेळेत पाठवा. हयगय केली तर नोंदणी रद्द होऊ शकते.