झाडीत फिरा, पण उजाडल्यावर

मुंबईच्या बोरिवली उपनगरातील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे असून ते मुंबई उपनगर व ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. तुळशी तलाव, कान्हेरीची लेणी आणि बिबट्यांचा वावर असलेले हे जंगल. बोरिवलीच्या बाजूने रोज सकाळी अनेक नागरिक तेथे फिरायला जातात. आपल्या गावात एवढे अरण्य नसले, तरी झाडी असलेली एखादी बाग असतेच. तिचा लाभ कसा घ्यावा, ते आज पाहू.

झाडांच्या सावलीत व पानांतून बाहेर पडणाऱ्या बाष्पामुळे हवा थंड राहते, म्हणून चालताना थकवा कमी येतो. चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात; नियमित चालण्याने रक्तदाबही आटोक्यात राहण्यास मदत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. वेग असा ठेवावा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही.

पहाटेचा अट्टहास कशाला?

रात्री झाडे कार्बन डायॉक्साइड सोडतात, म्हणून अंधारात झाडाखाली जाणे घातक, असा समज आहे. उघड्यावर हे प्रमाण नगण्य असते. अपाय होतो तो धुराने. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही. शेकोट्यांचा, चुलींचा व वाहनांचा धूर तिच्यातच कोंडतो. उन्हे वर आल्यावर तो विरू लागतो. म्हणून दमेकरी व हृदयरोगी यांनी थंडीत ऊन पडल्यावरच बाहेर पडावे. बिबट्याचा वावर असलेल्या भागात तर अंधारात फिरणे सर्वांनीच टाळावे.

हे लक्षात ठेवा

१. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आल्यास बसून ते लगेच खावे.

२. चालताना छाती दडपली, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, तर तेथेच थांबावे. ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरी न जाता थेट रुग्णालय गाठावे.

३. माकडांना खाऊ घालू नये. खाण्याची सवय लागली की ती हातातील पिशवीवर झडप घालतात. माकड किंवा कुत्रा चावला, ओरखडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस सुरू करावी. जखम लहान म्हणून थांबू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

फिरण्यासाठी पहाटे चारचा गजर लावण्याची गरज नाही. उजाडल्यानंतरचा अर्धा तास पुरेसा आहे. मात्र त्यात खंड पडू देऊ नये.