नाक मोठं केलं, तरी माणूस ओळखू येत नाही

प्रश्न : नोकरी सांभाळून हौसेनं चित्रं काढतो. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या. फोटोवरून पोर्ट्रेट बऱ्यापैकी जमतं. पण अर्कचित्र काढायला घेतलं, की नाक मोठं करूनही माणूस ओळखू येत नाही. कुठे चुकतं? आणि मॉडेल नसताना मानवाकृतीचा सराव कसा करावा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ते नाक मुळात मोठं होतं का, हे आधी बघा. मोबाइलवर जवळून काढलेल्या फोटोत प्रत्येकाचंच नाक फुगतं आणि कान मागे जातात. तुम्ही कॅमेऱ्यानं केलेली अतिशयोक्ती आणखी ताणत असाल, तर त्यात त्या माणसाचं काहीच उरत नाही.

अर्कचित्रात वाढवायचं असतं ते वेगळेपण. सुसान ब्रेनन यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीत संगणकाकडून अर्कचित्रं काढून घेतली, ती याच तत्त्वावर. एक सरासरी चेहरा घ्यायचा, त्याच्याशी समोरचा चेहरा ताडायचा आणि जिथे फरक असेल तेवढाच वाढवायचा. पुढे 1987मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर केलेल्या प्रयोगात असं दिसलं, की ओळखीची माणसं हुबेहूब रेषाचित्रापेक्षा अर्कचित्रावरून लवकर ओळखली गेली. फरक पुसट केलेली चित्रं ओळखायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

म्हणून सरासरी चेहरा हाताखाली पक्का हवा. डोळे साधारणपणे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात. हौशी चित्रकार ते हमखास वर सरकवतात, कारण कपाळ आणि केस त्यांना रिकामी जागा वाटते. हे एकदा हातात बसलं, की समोरच्या माणसाचं नाक आणि वरचा ओठ यांच्यात जागा किती, डोळे जवळ आहेत की लांब, हनुवटी आखूड आहे का, हे आपोआप दिसू लागतं. ओळख अवयवांइतकीच, किंबहुना जास्तच, या मधल्या अंतरांत असते.

त्याहीआधी येतो डोक्याचा बाह्याकार. पॅरिसमध्ये 1831 साली राजाची बदनामी केल्याचा खटला चालला, तेव्हा आरोपी व्यंगचित्रकार शार्ल फिलिपॉन यांनी कोर्टातच राजा लुई-फिलिप यांचा चेहरा टप्प्याटप्प्यानं नाशपतीत बदलून दाखवला. वर निमुळतं डोकं, खाली रुंद गाल! फिलिपॉन यांना शिक्षा झालीच. पण नुसती नाशपती काढली तरी लोक राजाला ओळखू लागले. तुम्हीही ओळखीच्या माणसाचं डोकं आणि खांदे नुसत्या काळ्या शाईनं भरून पाहा, आत एकही रेघ न मारता. यात माणूस ओळखू आला, तर चेहऱ्याचं निम्मं काम झालं.

इथेच तुमचा दुसरा प्रश्न येऊन मिळतो. लांबून येणारा काका आपण चेहरा दिसायच्या आधी ओळखतो, तो चालीवरून आणि खांद्यांच्या ठेवणीवरून. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन पाठमोरा असला तरी कळतो. मानवाकृती आणि अर्कचित्र हे सराव वेगळे ठेवूच नका.

मॉडेल एसटी स्टँडवर हवे तितके आहेत. गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाकडे बघा. तो एका पायावर भार देतो. त्या बाजूचं कंबरेचं हाड वर चढतं आणि बहुधा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. गळ्याच्या खळगीतून मनातल्या मनात ओळंबा सोडा, तो भार पेललेल्या पावलाजवळ पडतो. कंबर आणि खांदे यांच्या दोन तिरप्या रेघा, एक कणा आणि हा ओळंबा, एवढंच अर्ध्या मिनिटात उतरवा. चेहरा, बटणं, चपला राहू द्या. तो हललाच, तर दुसरा कागद घ्या. पाठकोरे कागद यासाठी उत्तम. आपल्याकडे कुणी बघतंय हे कळलं, की माणूस ताठ होतो, म्हणून जरा लांब बसा. कुणाला आवडलं नाही, तर वही मिटायची.

घरी आल्यावर तोच माणूस न बघता पुन्हा काढा. परीक्षेतलं स्मरणचित्र आता खरं उपयोगी पडेल, कारण जे आठवतं तेच बहुतेक वेळा त्याचं वेगळेपण असतं. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. पण तरुणपणी त्यांनी भरलेल्या रोजनिशांची पानं गोव्यातल्या लोटलीच्या माणसांनी गजबजलेली आहेत. तशी एक वही तुम्हीही ठेवा. आमच्याकडे येणाऱ्या हौशी चित्रांत सुबक छायाकाम भरपूर असतं, असा रोजचा माणूस मात्र फार कमी दिसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

झालेलं चित्र घरच्यांना नाव न सांगता दाखवा. ओळखलं नाही, तर नाक-डोळ्यांना हात न लावता आधी डोक्याचा आकार बदला आणि पुन्हा दाखवा.